निबंधातील कायद्याचे दाखले

गिरगावात वा दादरास ज्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी कायद्याच्या वर्गात शिकत असते, त्या घरी परीक्षेच्या आधी काही दिवस एक ठरावीक देखावा दृष्टीस पडतो. जेवणाच्या मेजावर पुस्तके उघडी पडलेली असतात, घरातली मंडळी आवाज न करता वावरत असतात आणि रात्री उशिरा आई विचारते, "निबंध झाला का रे?" उत्तर येते, "झाला, फक्त तळटिपा राहिल्या आहेत." या 'फक्त' शब्दातच बहुतेक निबंधांचा घात झालेला असतो. कायद्याच्या लेखनात तळटीप ही मजकुराची शेपटी नव्हे. विधान कोणाच्या बळावर उभे आहे ते तीच सांगते. ती चुकली म्हणजे विधान निराधार ठरते.

स्थलांतराचा कायदा हा विषय मुंबईच्या विद्यार्थ्यांना विशेष प्रिय आहे, आणि ते स्वाभाविकच होय. परळ-लालबागच्या चाळींत असे घर विरळा, की ज्याचा आजा वा पणजा रत्नागिरीहून, साताऱ्याहून किंवा घाटावरच्या दुसऱ्या एखाद्या गावाहून गिरणीत कामास आला नाही. विद्यार्थी आपल्याच घरची कथा घेऊन लिहावयास बसतो आणि पहिल्याच पानावर १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाचा दाखला देतो. कायद्याचे नाव बरोबर, सालही बरोबर. तो त्या वर्षाचा तिसावा अधिनियम, हेही त्याने चोख लिहिलेले असते. परंतु रत्नागिरीहून परळास येणारा मनुष्य राज्याची सीमा ओलांडीत नाही. शिवाय तो कायदा होता तो ठेकेदाराने एका राज्यात भरती करून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांपुरता. कोकणातला माणूस भाऊबंदांच्या ओळखीने येई आणि गिरणीच्या फाटकाशी जॉबरकडून कामावर लागे. हे सारे घडले त्या काळात तर तो कायदा जन्मासही आलेला नव्हता. म्हणजे दाखला अक्षरशः शुद्ध असूनही गैरलागू ठरतो.

येथे सीमाभागाचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यास जोडले गेले. त्यानंतर या शेजारच्या दोन गावांतले, एकच मराठी बोलणारे दोन मजूर मुंबईस आले, तर त्यांतील एक आंतरराज्य स्थलांतरित होऊ शकतो, दुसरा होऊ शकत नाही. भाषा, जात, गाव किंवा दारिद्र्य या कशावरही हा भेद उभा नाही. तो केवळ व्याख्येच्या कलमावर उभा आहे. म्हणूनच अधिनियमाचे नुसते नाव लिहून भागत नाही, कलम आणि उपकलमही सांगावे लागते.

याहून अधिक घोटाळा तारखांचा होतो. १९७९ चा तो कायदा कामगारांच्या सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला. या संहितेने व्याख्या रुंद केली. ठेकेदारामार्फत न येता आपण होऊन परराज्यातून आलेला कामगारही तीत आला, मात्र त्याचे वेतन दरमहा १८,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे. आणि जुन्या कायद्यात जेथे असे पाच कामगार पुरत, तेथे नव्या संहितेस दहा लागतात. संहिता संमत झाली २०२० साली. अंमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या पाच वर्षांत कितीतरी निबंधांत "२०२० पासून जुना कायदा रद्द झाला" असे वाक्य बिनदिक्कत येत राहिले. संमती आणि अंमल या दोन निराळ्या गोष्टी होत. लग्न ठरले म्हणून कोणी सून घरी आली असे म्हणत नाही! अंमलाची तारीख राजपत्रातील अधिसूचनेत असते, आणि ती अधिसूचना पाहिल्याशिवाय तळटीप पुरी होत नाही.

परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याची गोष्टही अशीच आहे. १९२० चा पासपोर्टविषयक प्रवेशाचा कायदा, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा, १९४६ चा फॉरिनर्स ॲक्ट आणि वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीविषयीचा २००० चा कायदा, हे चारही २०२५ च्या इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्टने रद्द केले, आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. तेव्हा आता १९४६ च्या कायद्याचा दाखला देऊच नये काय? अवश्य द्यावा, पण केव्हा? ज्या घटनेविषयी लिहावयाचे ती त्या कायद्याच्या अमदानीत घडली असेल तेव्हा. रद्द झालेल्या कायद्याखाली निर्माण झालेले हक्क, जबाबदाऱ्या आणि चालू खटले यांचे काय होते ते १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या सहाव्या कलमात सांगितले आहे, आणि नव्या कायद्यातील व्यावृत्तीचे कलमही त्याबरोबर वाचावे लागते. याचे जुने उदाहरण मुंबईचेच आहे. फाळणीनंतर १९४९ साली पाकिस्तानातून येणाऱ्यांवर नियंत्रण घालणारा एक कायदा झाला. तो १९५२ साली रद्द झाला. आणि इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात, त्याचे सातवे कलम भारतीय नागरिकांच्या बाबतीत घटनाविरुद्ध आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला तो १९५४ साली. कायदा गेला तरी त्याच्याखाली हद्दपार झालेला माणूस आणि त्याची फिर्याद शिल्लक होतीच.

विद्यार्थी आणखी एका ठिकाणी अडखळतात. "१९८३ चा ३१ वा" म्हणजे परदेशी नोकरीस जाणाऱ्यांचा एमिग्रेशन ॲक्ट; "१९४६ चा ३१ वा" म्हणजे वर सांगितलेला फॉरिनर्स ॲक्ट. एक बाहेर जाणाऱ्यांचा, दुसरा आत येणाऱ्यांचा. साल गाळून नुसता "अधिनियम क्रमांक ३१" लिहिणाऱ्याने वाचकास कोणत्या दाराशी नेऊन उभे केले, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

आता निवाड्यांकडे वळावे. मुंबईच्या विद्यार्थ्याच्या निबंधात ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला आला नाही असे सहसा होत नाही. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या त्यांच्या मूळ गावी धाडण्याचे सरकारने जाहीर केले, त्यातून हा खटला उद्भवला. अर्जदारांत एक जण १९६१ साली तामिळनाडूतील सेलमहून आलेला भूमिहीन मजूर होता. दुसरा १९६९ साली नगर जिल्ह्यातील संगमनेरहून आलेला, मुंबईत बदली कामगार म्हणून लागलेला. दोघांचा पदपथ सारखाच. पण वर सांगितलेल्या व्याख्येने पाहिले तर दोघांची गणना निरनिराळी.

निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. तरीही एका मालिकेत त्याचा निर्देश १९८५, खंड ३, एस. सी. सी., पृष्ठ ५४५ असा होतो, तर नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरात ए. आय. आर. १९८६ एस. सी. १८० असा. पहिला दाखला एका पुस्तकातून आणि दुसरा दुसऱ्यातून उतरून घेणारा विद्यार्थी कधी कधी हे दोन वेगळे निवाडे समजतो, आणि "१९८५ साली न्यायालयाने असे म्हटले व पुढे १९८६ साली त्याचाच पुनरुच्चार केला" असे लिहून मोकळा होतो. ए. आय. आर.च्या पुढचे साल हे छपाईच्या मालिकेचे, निकालाचे नव्हे. एवढे ध्यानात ठेवले तरी ही फजिती टळते. पक्षकाराच्या नावातील 'बॉम्बे' काढून तेथे 'मुंबई' घालण्याचा मोह कित्येकांना होतो. इंग्रजी तळटिपेत तो आवरावा. शहराचे नाव १९९५ साली बदलले, छापलेल्या निवाड्याचे शीर्षक बदललेले नाही.

परंतु या खटल्याच्या बाबतीत खरी चूक आकड्यांची नसते, अर्थाची असते. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, हे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी घटनापीठाच्या वतीने सांगितले, ते सर्वांस पाठ असते. पुढचे क्वचितच कोणी वाचतो. त्याच निकालपत्रात १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाचे ३१४ वे कलम वैध ठरले, पदपथावर घर करण्याचा हक्क कोणास नाही असे म्हटले गेले, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना लोटेपर्यंत, हटवू नये एवढीच सवलत मिळाली. १९७६ च्या गणनेत नोंदलेल्यांना पर्यायी जागा देण्याचे सरकारचे आश्वासन होते. मात्र ती जागा मिळाल्याखेरीज उठवू नये, अशी अट न्यायालयाने घातली नाही. "न्यायालयाने हकालपट्टी थांबविली" असे लिहून खाली अचूक पृष्ठांक देणारा विद्यार्थी वस्तुतः खोटी साक्ष देत असतो, मग त्याच्या मनात तसे नसले तरी. याच कारणासाठी नुसत्या आरंभीच्या पृष्ठाचा निर्देश अपुरा ठरतो. नेमके विधान ज्या परिच्छेदात आहे त्याचा क्रमांक द्यावा. तो द्यावयाचा म्हणजे परिच्छेद वाचावा लागतो, हा त्यातला अधिक लाभ.

परदेशगमनाच्या हक्काविषयीही असाच क्रम पाळावा लागतो. सतवंत सिंग यांच्या खटल्याचा निर्णय १९६७ च्या एप्रिलमध्ये झाला. पासपोर्ट ॲक्ट त्यानंतर, त्याच वर्षी, त्या निर्णयामुळेच करावा लागला. तेव्हा त्या निर्णयात या कायद्याचा अर्थ लावला गेला असे लिहिणे म्हणजे नातवाच्या मुंजीत आजोबांचे बारसे उरकणे होय.

पूर्वी हे सारे शोधण्यासाठी विद्यार्थ्यास ग्रंथालयात जावे लागे. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासूनची आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा. ते जाड खंड खाली उतरवताना हातास धूळ लागे, पण खंड डोळ्यांपुढे असे. आता सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपल्या निवाड्यांना स्वतःचे क्रमांक दिले आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयाचेही तसे क्रमांक आहेत. मूळ निकालपत्र घरबसल्या पाहता येते. ही सोय फार मोठी आहे. तिच्याबरोबर एक विपत्तीही आली. प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी यंत्रे कधी कधी अस्तित्वातच नसलेले निवाडे, पक्षकारांच्या नावांसह व पृष्ठांकासह, रचून देतात. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने २०२३ साली असे बनावट दाखले सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात एका कंपनीवरील आयकराची आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून घेतलेले निवाडे कोठे सापडलेच नाहीत. तेथे चूक विद्यार्थ्याची नव्हती, आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याची होती.

हे सगळे केवळ गुणांसाठी असते तर एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु कायद्याच्या महाविद्यालयांतून विधिसाहाय्याची केंद्रे असतात आणि तेथे विद्यार्थ्याने केलेले टिपण एखाद्या खऱ्या माणसाच्या अर्जात जाऊन बसते. समजा, लालबागच्या एका बाईने आपल्या मुलाला आखातात नोकरी लावण्यासाठी दागिने गहाण टाकून एका दलालास पैसे दिले. दलालाजवळ नोंदणीचे प्रमाणपत्रच नव्हते. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टचे दहावे कलम अशा दलालाविषयी आहे, बाविसावे कलम जाणाऱ्याने घ्यावयाच्या परवानगीविषयी, आणि शिक्षा चोविसाव्या कलमात आहेत. विद्यार्थ्याने घाईत दहाच्या जागी बावीस लिहिले, तर अर्जात दोष दलालाऐवजी त्या बाईच्या मुलावर येतो. बाईला कलमे वाचता येत नाहीत. जे लिहिले त्यावर ती विश्वासाने अंगठा उठवते आणि कागद घडी करून पदराखाली धरून कार्यालयाच्या रांगेत उभी राहते.