वेळासचा मुक्काम

पाठीवर पिशवी टाकून कोकणात निघालात?
मग रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला मुक्काम करा.
फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत.

इथे राहायचं गावकऱ्यांच्याच घरी.
जेवण साधं, पण पोटभर.

सकाळी लवकर किनारा गाठा.
वाळूवर टोपली पालथी घातलेली असते.
ती हळूच उचलतात.
खाली ऑलिव्ह रिडले कासवाची इवलीशी पिल्लं!

एकेकाळी इथली कासवांची अंडी चोरीला जायची.
2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकऱ्यांनी ती जपायला सुरुवात केली.
केवढं मोठं काम!

एक मात्र पाळा.
अंधारात विजेरी लावू नका.
पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, वाट चुकतात.
म्हणून पुन्हा सांगते, विजेरी बंद.

पाण्याकडे निघालेल्या पिल्लाला पहिली लाट मागे लोटते.
ते थांबतं.
पुन्हा समुद्राकडे वळतं.