छेदस्थानी असलेली माणसे



साथरोगशास्त्र म्हणजे केवळ साथींचे शास्त्र, हा समज आता अपुरा ठरला आहे. कोणता आजार कोणाला, कोठे, केव्हा आणि का होतो याचा लोकसमूहाच्या पातळीवर शोध घेणारे हे शास्त्र असल्यामुळे कर्करोग, मधुमेह आणि बालमृत्यू हेही त्याचेच विषय होत. येथे रुग्ण अंशस्थानी आणि ज्या लोकसंख्येतून ते आले ती छेदस्थानी ठेवून आजाराचा दर काढला जातो. छेद चुकला, तर काटेकोरपणे मोजलेला अंशही दिशाभूल करतो. छेदाची ही शिस्त अंगी बाणवणे हेच या विषयातील पदव्युत्तर शिक्षणाचे मर्म आहे.

या शिस्तीचे फळ महाराष्ट्राने पाहिले आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत, तक्रार असो वा नसो, ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे, मात्र पूर्वी अशी तपासणी जेमतेम ८ टक्के स्त्रियांचीच झाल्याचे आढळले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले हे वास्तव दवाखान्याच्या नोंदवहीतून कधीच कळले नसते, कारण न आलेल्यांची नोंद त्या वहीत नसते. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी नवजात बालकांची घरीच काळजी घेतली आणि तुलनागटातील, म्हणजे ही सेवा नसलेल्या, गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. तुलनेची गावे नसती, तर या यशाचे श्रेय नेमके कशाला द्यावे हे ठरवता आले नसते.

एमपीएच या सार्वजनिक आरोग्यातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीत जीवसांख्यिकी आणि अभ्यासरचना शिकवतात त्या याचसाठी. उदाहरणार्थ, मद्यपींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग अधिक दिसला, तरी त्यांच्यात धूम्रपान करणारेही अधिक असल्याने दोष मद्याचा की धुराचा हे वेगळे काढावे लागते. अशा तिसऱ्या घटकाला संभ्रमक घटक म्हणतात. डॉक्टर नसलेल्या पदवीधरांनाही अनेक संस्थांत या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, तर डॉक्टरांना सामुदायिक वैद्यकातील एमडीचा मार्ग खुला असतो.

पुढील वाटाही विविध आहेत. २००४ पासूनच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात जिल्हास्तरावर साथरोगतज्ज्ञ काम करतात. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था संशोधनाची दारे उघडतात. १९६३ पासून चालत आलेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीसारख्या उपक्रमांना, तसेच औषधचाचण्या व स्वयंसेवी संस्थांना, आकडे पारखणारी माणसे हवी असतात.

मात्र संगणकापुढे बसून ही पारख येत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात पाहणी करणाऱ्याने तोडीसाठी गाव सोडून गेलेल्या कुटुंबाच्या घराला कुलूप पाहून पुढचे दार गाठले, तर ज्यांना आजाराचा धोका कदाचित अधिक तीच कुटुंबे छेदातून गळतात आणि निष्कर्ष सोयीस्कर निघतो. म्हणून प्रत्येक पदव्युत्तर प्रबंधात न सापडलेल्या, न बोललेल्या आणि गावाबाहेर गेलेल्या माणसांचा हिशेब अनिवार्य करावा आणि त्यांच्या शोधासाठी लागणारा वेळ व खर्च विद्यापीठांनी आधीच मंजूर करावा, अशी या व्यासपीठावरून आग्रहाची शिफारस आहे.