कंपनीची उघडी वही आणि घराचे दार

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात मार्गदर्शन कक्षाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही काही जण कागदपत्रांच्या मार्गदर्शनासाठी बसतो, हे आपणांस ठाऊक आहे. पूर्वी जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पेन्शनचा रखडलेला कागद एवढ्यावर आमचे काम भागत असे. अलीकडे आमच्या टेबलावर एक नवीनच विषय येऊ लागला आहे, तो म्हणजे कंपन्यांचे कागद. कोणी कंपनीत पैसे गुंतवतो, कोणाची मुलगी स्वतःची कंपनी काढते, तर कोणाला आपण एका कंपनीचे संचालक आहोत ही गोष्ट दहा वर्षांनी कळते! या निमित्ताने कंपनीची कोणती माहिती लोकांसमोर उघडी असावी आणि माणसाची कोणती माहिती झाकलेली राहावी, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. त्यावर आज चार शब्द बोलण्याची परवानगी असावी.

प्रथम एक अनुभव सांगतो. परिवहन सेवेतून निवृत्त झालेले आपल्यातीलच एक काका भविष्य निर्वाह निधीतून मिळालेली रक्कम घेऊन एका कंपनीत ठेव ठेवायला निघाले होते. पत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले. '१९९८ पासून विश्वासाची परंपरा' असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले आणि व्याज बँकेच्या जवळजवळ दुप्पट. काकांनी जाता जाता पत्रक आम्हाला दाखवले, ते केवळ कौतुकाने. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचा नोंदणी क्रमांक होता. हा क्रमांक एकवीस अक्षरांचा असतो आणि विद्यार्थ्यांनी तो वाचायला अवश्य शिकावे. पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगते, पुढील पाच अंक उद्योगाचा प्रकार, मग दोन अक्षरे राज्याची, त्यानंतर चार अंक स्थापनेच्या वर्षाचे आणि मग तीन अक्षरे कंपनीच्या प्रकाराची. या कंपनीच्या क्रमांकात वर्ष होते २०१९! आणि प्रकाराची अक्षरे होती 'पीटीसी', म्हणजे प्रायव्हेट कंपनी. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचा भाग सोडल्यास प्रायव्हेट कंपनीला सर्वसामान्य लोकांकडून ठेवी घेण्यास कायद्याने मनाई आहे. आम्ही मंत्रालयाच्या संगणकीय नोंदीत शंभर रुपये शुल्क भरून कंपनीची कागदपत्रे पाहिली. भरणा झालेले भांडवल एक लाख रुपये, आणि ताळेबंद एकदाही दाखल केलेला नाही. काका पैसे घेऊन घरी परतले. शंभर रुपयांत एवढे मोठे काम दुसरे कोणते होईल, ते आम्हाला तरी माहीत नाही.

ही वही उघडी का ठेवली आहे, ते समजून घेतले पाहिजे. आपल्या वस्तीतील किराणा दुकानदार स्वतःच्या नावावर धंदा करतो. तो बुडाला तर देणेकरी त्याच्या घरावर, बायकोच्या दागिन्यांवरसुद्धा डोळा ठेवतात. कंपनीचे तसे नाही. कंपनी बुडाली तर भागधारकाचे भागभांडवल जाते, घर जात नाही. आपल्या देशात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० साली झाला आणि मर्यादित जबाबदारीची सवलत १८५७ च्या कायद्याने आली. ही सवलत समाजाने दिलेली आहे, आणि तिची किंमत म्हणून कंपनीने आपला हिशेब, आपले संचालक आणि आपण काय काय गहाण ठेवले आहे, हे सर्वांना दाखवावे, असा हा व्यवहार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ३९९ प्रमाणे कोणाही व्यक्तीला निबंधकाकडील कागद शुल्क भरून पाहता येतात. आपण कोण, कशासाठी पाहता, हे विचारले जात नाही. ही तरतूद आम्ही मोलाची मानतो.

आता नाण्याची दुसरी बाजू.

आपल्या एका सभासदांच्या मुलीने अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर मैत्रिणीबरोबर एक छोटी कंपनी काढली. जागा घेण्यास पैसे नव्हते, म्हणून आईवडिलांच्या दोन खोल्यांचा पत्ता नोंदणीकृत कार्यालय म्हणून दिला. घराबाहेर पाटी लागली तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. पुढच्याच आठवड्यापासून फोन सुरू झाले. कोणी कर्ज देतो म्हणे, कोणी ट्रेडमार्क काढून देतो, तर कोणी अमुक प्रमाणपत्राचे पैसे आजच भरा नाहीतर दंड होईल अशी धमकी देई. इथवर तिने सोसले. मग एके संध्याकाळी एक अनोळखी गृहस्थ थेट दारात उभा राहिला. हातात कंपनीच्या मेमोरँडमच्या शेवटच्या पानाची छापील प्रत होती. त्यावर तिचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वय, घराचा पत्ता, सही. त्याला काही विकायचे होते, एवढेच. पण मुलगी घरात एकटी होती. त्या दिवसापासून आईने त्या धंद्याचा धसका घेतला, तो आजतागायत गेलेला नाही.

मेमोरँडमवर पहिल्या सभासदांनी नाव, पत्ता व व्यवसाय लिहून सही करण्याची पद्धत फार जुनी आहे. मग पूर्वी हा त्रास का नव्हता? कायदा पूर्वीही उघडाच होता. परंतु मुंबईच्या कंपनीची फाईल पाहायची तर मरीन ड्राइव्हवरील एव्हरेस्ट इमारतीतील निबंधकांच्या कार्यालयात जावे लागे, अर्ज भरावा लागे, शुल्क द्यावे लागे, फाईल सापडेपर्यंत बाकावर बसावे लागे आणि मग पेन्सिलीने उतरवून घ्यावे लागे. एवढा खटाटोप ज्याचे पैसे अडकले आहेत तोच करी. दार उघडे होते, पण जिना चढावा लागत होता. २००६ साली 'एमसीए एकवीस' नावाची संगणकीय व्यवस्था आली आणि तो जिना गेला. त्याचा फायदा काकांना झाला, हे आम्ही विसरत नाही. नागपूरचा किंवा लातूरचा माणूस घरबसल्या कंपनीची नोंद पाहू शकतो. मात्र त्याच सोयीने एखादी खासगी संस्था लाखो नोंदी एकाच रात्रीत उतरवून घेते आणि आपल्या पानावर जाहिरातींसह मांडते. एकेका फाईलसाठी केलेली उघडेपणाची तरतूद सर्वच्या सर्व फायलींना एकदम लागू झाली, आणि हा फरक कायदा करणाऱ्यांनी पुरेसा लक्षात घेतला नाही, असे आमचे नम्र मत आहे.

येथे एक गंमत नमूद करावीशी वाटते. १९५६ च्या कायद्यात प्रायव्हेट कंपनीचे नफा-तोटा पत्रक सभासदांखेरीज इतरांना पाहता येत नसे. घराचा पत्ता असलेले मेमोरँडम मात्र सर्वांना खुले! म्हणजे धंद्याची गोष्ट झाकलेली आणि घराची उघडी. उलटे असायला हवे होते. २०१३ च्या कायद्याने पहिली चूक सुधारली, दुसरी तशीच राहिली.

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नाही. इटलीच्या दक्षिण भागातील लेचे शहरातील एका बांधकाम व्यावसायिकाने २००७ साली तेथील वाणिज्य मंडळाविरुद्ध दावा लावला. इटलीत कंपन्यांची नोंदवही हे मंडळ ठेवते. या गृहस्थांची आधीची एक कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत निघाली होती आणि २००५ मध्ये तिचे नाव नोंदवहीतून काढले गेले होते. तरीही ती नोंद दिसत राहिल्याने आपल्या नव्या संकुलातील जागा विकल्या जात नाहीत, अशी त्यांची तक्रार. खालच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि दोन हजार युरो भरपाईही दिली. प्रकरण युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयात गेले. ९ मार्च २०१७ रोजी त्या न्यायालयाने सांगितले की, कंपनीकडून येणे असलेल्या माणसाला तिच्या मालमत्तेखेरीज दुसरा आधार नसतो, आणि कंपनी संपल्यावरही वर्षानुवर्षे वाद निघू शकतात. म्हणून नोंद पुसून मागण्याचा सरसकट हक्क नाही. मात्र पुरेसा काळ लोटल्यावर, अपवादात्मक परिस्थितीत, ती नोंद केवळ विशिष्ट कारण दाखवणाऱ्यालाच दाखवावी, अशी मुभा देशांना ठेवता येईल. जागा विकल्या जात नाहीत एवढे कारण त्यासाठी पुरेसे नाही.

हा निकाल आम्हाला पटतो. घर घेणाऱ्या गरीब माणसाला बांधकाम करणाऱ्याची आधीची कंपनी बुडाली होती हे कळले, तर त्यात अन्याय कसला? परंतु त्या गृहस्थांची तक्रार त्यांच्या धंद्यातील कामगिरीच्या नोंदीबद्दल होती. आपल्या मुलीची तक्रार तिच्या दाराबद्दल आहे. या दोन्ही गोष्टींना 'खासगी माहिती' असे एकच नाव दिले की सगळा घोटाळा होतो. कंपनी कशी चालली, कोणी चालवली, किती बुडवले, ही माहिती कितीही झोंबणारी असली तरी ती कंपनीची आहे. ती मुलगी रात्री कोठे झोपते ही कंपनीची माहिती नव्हे.

इंग्लंडमध्ये हा भेद बराच आधी ओळखला गेला. ऑक्टोबर २००९ पासून तेथे संचालकाचा घरचा पत्ता निबंधकाकडे राहतो आणि लोकांना पत्रव्यवहाराचा वेगळा पत्ता दिसतो. ऑक्टोबर २०१५ पासून जन्मतारखेतील दिवस झाकला, महिना आणि वर्ष तेवढे दिसते. जुन्या कागदांतील घरचा पत्ता झाकून घेण्यासाठी अर्जाची सोयही आहे. कंपनीचे हिशेब मात्र तेथे २०१५ पासून फुकट पाहता येतात. उघडे अधिक उघडे झाले आणि झाकायचे ते झाकले गेले, यात आम्हाला शहाणपण दिसते.

आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२२ मध्ये कंपन्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन भागधारकांचा पत्ता, ई-मेल व पॅन क्रमांक तपासणीसाठी दाखवू नयेत असे ठरले. पाऊल चांगले आहे, पण ते कंपनीकडील सभासदांच्या नोंदवहीपुरते आणि वार्षिक विवरणपत्रापुरते आहे. निबंधकाकडील मेमोरँडमच्या त्या शेवटच्या पानाला ते लागू नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याकडून आम्ही आशा ठेवली होती. परंतु एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेल्या माहितीला तो कायदाच लागू होत नाही! म्हणजे मुलीने स्वखुशीने दुकानदाराला दिलेल्या फोन क्रमांकाला संरक्षण, आणि सरकारने सक्तीने घेतलेल्या पत्त्याला नाही.

काही जाणकार मित्र म्हणतात की पत्ते झाकले तर लबाडांचे फावेल. ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण आमच्याकडे तिसरेही एक प्रकरण आले होते. एका कार्यालयात शिपाई असलेल्या आपल्या बांधवाकडून मालकाने 'सही कर रे' म्हणून कागदांवर सह्या घेतल्या. २०१७ मध्ये सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरवून त्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्या यादीत याचे नाव! मुलाच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर उलगडा झाला. त्या वेळी याचा चाळीचा पत्ता उघड असल्याने लबाड मालकाला काही अडचण झाली का? मुळीच नाही. अडकला तो पत्ता देणारा. उलट संचालकाला मिळणारा ओळख क्रमांक हीच खरी उपयोगी वस्तू. त्या एका क्रमांकावरून माणूस किती कंपन्यांत आहे ते दिसते, आणि त्यासाठी त्याचे घर कळावे लागत नाही. घराचा पत्ता निबंधकाकडे जरूर असावा. न्यायालयाला, पोलिसांना आणि येणे सिद्ध करणाऱ्या देणेकऱ्याला तो मिळावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला नको.

त्या मुलीने पुढे नोंदणीकृत कार्यालय एका भाड्याच्या गाळ्यात हलवले. त्याचा फॉर्म भरून दिला, नवा पत्ता दिसू लागला. पण जुना कागद जुन्या जागी आहेच. ते पान निघेल का, असे तिने परवा विचारले. आजच्या नियमांत तसा मार्ग आम्हाला सापडलेला नाही. म्हणून मंत्रालयाकडे पाठवण्यासाठी आम्ही एक निवेदन तयार केले आहे. मेमोरँडमच्या लोकांना दिसणाऱ्या प्रतीतून घरचे पत्ते झाकावेत, ताळेबंद आणि गहाणखतांच्या नोंदी मात्र आहेत तशाच खुल्या ठेवाव्यात, एवढीच त्यात मागणी आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर ते ठेवले आहे. आधी वाचावे, पटले तरच सही करावी. नावापुढे पत्त्याचा रकाना ठेवलेला नाही.