शिकाऊ विमान



"सध्या काय चाललंय?" असं सकाळपासून सगळे विचारताहेत. नोकरीचं राहू द्या, छंदाचं सांगते. मी रेडिओवर उडणारं जुन्या घडणीचं विमान बांधलं. अमेरिकेतल्या सिग कंपनीचं 'कॅडेट'. आराखडा पाटावर पसरायचा, त्यावर बाल्सा लाकडाच्या पट्ट्या टाचण्यांनी धरून चिकटवायच्या, शेवटी पातळ आवरण इस्त्रीने ताणून बसवायचं.

हे विमान खास शिकाऊ लोकांसाठी. पंखांची टोकं किंचित वर उचललेली असतात. विमान एका बाजूला कलून घसरू लागलं, की खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते हळूहळू सरळ होतं. म्हणून गोंधळलात तर स्टिक सोडून द्यायची. पुरेशी उंची असेल तर विमान सावरतं.

विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्या बाजूला स्टिक न्यायची.

शिकवताना दोन रिमोट वायरने जोडतात. गुरूने बटण दाबून धरलं की ताबा शिष्याकडे, सोडलं की परत गुरूकडे. विमान डगमगलं तरी चांगला गुरू लगेच बटण सोडत नाही. सावरायला उंची शिल्लक आहे ना, तेवढं बघतो.

सर, बाई, फळ्यापाशी आम्ही अडखळायचो, तेव्हा तुम्ही आमच्या हातातला खडू लगेच काढून घेत नव्हतात. त्याला किती धीर लागतो, ते मला आता मैदानावर कळतंय.