शिकलेल्यांनी पुन्हा शिकायचे, पण कोठे?

(लांजी येथील वार्षिक मेळाव्यात मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या घरांतील जुन्या पेट्या उघडल्या की मोडीतले कागद निघतात. अक्षर मोत्यासारखे, पण ते वाचणारा घरात कोणी उरलेला नाही. हे कागद लिहिणारी माणसे अडाणी नव्हती, लिहिणे हाच त्यांचा पेशा होता. तरी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची विद्या जुनी झाली. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तिच्याबरोबर मालगुजाराकडची कारकुनी गेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. अपिलासाठी पश्चिमेची गाडी धरणाऱ्यांना उत्तरेची वाट शोधावी लागली. 1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे आले, मागोमाग शेर-मण जाऊन किलो आला. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ असलेल्या दिवाणजींना उतारवयात दशांश चिन्हाचा हिशेब शिकावा लागला. ते शिकले, म्हणून आपली घरे टिकली.

आज तोच प्रसंग आपल्यातील सुशिक्षितांवर आला आहे, आणि फार वेगाने आला आहे. वकिलांचेच पाहा. 1860 च्या भारतीय दंड संहितेवर चार-पाच पिढ्यांनी वकिली केली. खून म्हणजे 302, फसवणूक म्हणजे 420. 'चारसोबीस' ही तर बाजारातली शिवी झाली होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 511 कलमांची 358 झाली. खून आता 103 मध्ये, फसवणूक 318 मध्ये. नव्या संहितेतले 302 धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांविषयी आहे! बरे, जुने विसरूनही चालत नाही. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो, म्हणून एकाच दिवशी एकाच वकिलाला दोन्ही पुस्तके काखेत घेऊन उभे राहावे लागते.

आणि हा केवळ आकड्यांचा फेर नाही. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद आहे. मोबाइलवरचा संदेश पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र दोन भागांत लागते, एक उपकरण सांभाळणाऱ्याचे आणि एक तज्ज्ञाचे, आणि त्यात त्या नोंदीची 'हॅश व्हॅल्यू', म्हणजे अक्षरे-आकड्यांची ओळखखूण, लिहावी लागते. आमच्यापैकी एका वकील बंधूंकडून हा दुसरा भाग राहून गेला. त्यांची वकिली तीस वर्षांची. चूक त्यांची होती, ते स्वतः कबूल करतात. पण नुकसान झाले ते पक्षकार शेतकऱ्याचे, ज्याला त्या कलमाचे नावही ठाऊक नव्हते.

हिशेबनीसांचे थोडक्यात सांगतो. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि लाल कापडाच्या वह्या कपाटात गेल्या. तो कोठे अंगवळणी पडतो तोच 1961 चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा. 'निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष'. दस्त लिहिणाऱ्यांना ऑक्टोबर 2024 पासून 'संपदा 2.0' शिकावे लागले.

मात्र सर्वांत जास्त घोर शिक्षकांना आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली. ते योग्यच आहे. पण 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांसाठीही पात्रता परीक्षा आवश्यक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हा, नाहीतर नोकरी सोडा. पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या आपल्या गुरुजींना आणि बाईंना आता पोरांच्या शेजारी बसून उत्तरांचे गोल काळे करायचे आहेत. आम्ही परीक्षेच्या विरोधात नाही. ज्याला शिकवायचे त्याने शिकलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, परीक्षा सरकारची, मग तयारी मात्र ज्याच्या-त्याच्या पदरमोडीने का?

भोपाळ-इंदूरच्या माणसाला संध्याकाळी वर्ग मिळतो. लांजीच्या माणसाने बालाघाट किंवा गोंदिया गाठायचे, एक दिवसाची रजा टाकायची, गाडीभाडे भरायचे, आणि तेथे ऐकायचे काय, तर घाईघाईत वाचलेला कागद. पडद्यावर शिका म्हणतात. शिकतोही आम्ही, पण पडद्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. आपण सीमेवरची माणसे मराठी आणि हिंदी दोन्ही वाचतो. नव्या कायद्यांवर महाराष्ट्रात जे मराठीत छापले जाते ते आपल्यालाही उपयोगी पडते, पण ते येथपर्यंत आणणारा कोणी नाही.

म्हणून मंडळाने दोन कामे हाती घ्यावीत असा आमचा आग्रह आहे. जिल्हाधिकाऱ्यांना आणि आपल्या आमदारांना निवेदन द्यावे, की शिक्षकांचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि तहसीलच्या गावी व्हावे, आणि वकील, दस्तलेखक, हिशेबनीस यांच्यासाठी वर्षातून दोनदा तरी जाणकार येथे पाठवावेत. मते मागायला दारात येणाऱ्यांना रस्त्याबरोबर हेही विचारा. दुसरे काम आपल्या हातचे आहे. मंडळाचे सभागृह आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असते. दर रविवारी सकाळी दोन तास ते उघडू. वकिलांनी नवी संहिता आणावी, गुरुजींनी प्रश्नपत्रिका, आणि घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलींनी संगणक. काकांना नातीने शिकवले तर काकांचा मान कमी होत नाही.

कुलपाची एक किल्ली आमच्याकडे आहे. दुसरी कोण ठेवतो, ते आजच सांगावे.