खेळाची किंमत, कामाचे तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी कविता लिहितो. माझ्या पहिल्या संग्रहाची किंमत साठ रुपये होती. ती जास्त की कमी यावर आजवर दोन माणसं भांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून एखाद्या वस्तूच्या किमतीवरून पोरं तावातावानं वाद घालताना दिसली, की मला त्या वस्तूचा थोडा हेवाच वाटतो. असा एक वाद मी २००७ सालच्या उन्हाळ्यात आमच्या पडवीत ऐकला. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आम्ही कोकणातले. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात. माझे मेहुणे दुबईला डिलिव्हरीची गाडी चालवायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेव्हा चौदा वर्षांचा होता. सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. शेजारच्या किराणा दुकानदाराचा मुलगा त्याचा दोस्त. वादाचा विषय होता प्लेस्टेशन थ्री. सोनी कंपनीचं व्हिडिओ गेमचं हे नवं यंत्र त्या एप्रिलमध्ये भारतात आलं होतं. किंमत ३९,९९० रुपये. मी तेव्हा तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, पगार चार हजार. म्हणजे माझ्या दहा महिन्यांच्या पगारात एक खेळणं! मी हसलो. पोरं हसली नाहीत.

आमच्या पडवीतला हा वाद जगभर चालू होता, हे मला नंतर कळलं. २००६ च्या मे महिन्यात अमेरिकेत लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात सोनीनं किमती सांगितल्या. लहान यंत्र ४९९ डॉलर, मोठं ५९९. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधीच बाजारात होतं, त्याचं महागडं मॉडेलही ४०० डॉलरला मिळे. निन्टेन्डोचं वी तर त्याच वर्षी २५० डॉलरला आलं. खेळणाऱ्यांत दोन तट पडले. एक म्हणे, ही लूट आहे. दुसरा म्हणे, आत काय आहे ते आधी बघा. जपानात ओरड एवढी झाली, की यंत्र बाजारात येण्याआधीच लहान मॉडेलची किंमत ६२,७९० येनवरून ४९,९८० वर आणावी लागली.

गंमत अशी, की अकरा वर्षांपूर्वी याच सोनीनं किमतीच्या जोरावर मैदान मारलं होतं. १९९५ मध्ये, त्याच प्रदर्शनात, सेगा कंपनीनं आपल्या सॅटर्न यंत्राची किंमत ३९९ डॉलर सांगितली. थोड्या वेळानं सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. भाषण संपलं! आम्हा वक्त्यांना हे कधी जमलं नाही.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐका. माझा भाचा यंत्राच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, हे नुसतं खेळणं नाही. यात ब्लू-रे डिस्क चालते, सिनेमा पाहता येतो. यातला सेल नावाचा प्रोसेसर भलताच ताकदवान आहे. यावर लिनक्स टाकलं तर हा चक्क कॉम्प्युटर होतो. शेवटी हुकमी पान: ‘मामू, मी यावर अभ्याससुद्धा करीन!’ दुनियेतल्या प्रत्येक पोरानं प्रत्येक महागड्या वस्तूसाठी हे पान टाकलेलं आहे.

दुकानदाराचा मुलगा हिशेबाचा पक्का. तो म्हणे, यंत्र घेऊन भागत नाही. प्रत्येक खेळाची डिस्क वेगळी घ्यायची. खरं चित्र दिसायला एचडी टीव्ही लागतो, तोही वेगळा. वस्तरा स्वस्तात द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचं, असा हा धंदा. त्याचं म्हणणं खरं होतं. हे यंत्र बनवायला ५९९ पेक्षाही जास्त, सुमारे ८४० डॉलर खर्च येतो, असा अंदाज एका बाजार-अभ्यास संस्थेनं तेव्हा केला होता. कंपनी तोटा सोसत होती. तो पुढं खेळांच्या विक्रीतून भरून काढायचा होता. म्हणजे विकणाऱ्याला परवडत नाही आणि घेणाऱ्यालाही परवडत नाही, अशी ती वस्तू होती.

मग वचनांचं काय झालं? काही पाळली गेली. ब्लू-रेची स्पर्धक असलेली डिस्क तोशिबानं २००८ च्या फेब्रुवारीत सोडून दिली, त्यामुळे ब्लू-रेवर पैसे लावणारे बरोबर ठरले. ताकदीचं म्हणाल, तर २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेनं सुमारे १७६० प्लेस्टेशन थ्री एकमेकांना जोडून महासंगणक उभा केला. पण त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये सोनीनं सुरक्षेचं कारण देऊन लिनक्स टाकण्याची सोय काढून घेतली. नवी सुधारणा घेतली तर सोय जाणार, न घेतली तर इंटरनेटवरचा खेळ बंद. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले, काही वर्षांनी तडजोड झाली. विकलेल्या वस्तूतला एक गुण विकणाऱ्याला मागाहून काढून घेता येतो, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शिंप्यानं शिवून दिलेल्या सदऱ्याचा खिसा तीन वर्षांनी येऊन उसवून न्यावा, तसं हे.

किमतीचा निकाल काळानं लावला. २००९ मध्ये सडपातळ मॉडेल २९९ डॉलरला आलं. अखेर प्लेस्टेशन थ्री आठ कोटी सत्तर लाखांहून अधिक विकलं गेलं. ते मेलं नाही आणि त्यानं जगही जिंकलं नाही. साधंसुधं स्वस्त वी मात्र दहा कोटींच्या पुढं गेलं.

पण या सगळ्यात माझ्या मनाला चटका लावून गेली ती एक वेगळीच गोष्ट. प्लेस्टेशनचे जनक म्हणून ओळखले जाणारे केन कुतारागी २००५ मध्ये म्हणाले होते, की हे यंत्र घ्यायला आपण जास्त तास काम करू, असं ग्राहकाच्या मनात यायला हवं. त्यावर लोकांनी त्यांची भरपूर टिंगल केली. मला हसू आलं नाही. कारण तो तासांचा हिशेब मी आमच्या पडवीत ऐकला होता.

झालं असं, की भाचा म्हणाला, अब्बा दुबईहून आणतील, तिकडं स्वस्त पडेल. डॉलर तेव्हा एकेचाळीस रुपयांच्या आसपास होता. ५९९ डॉलर म्हणजे साडेचोवीस हजार. इथल्या किमतीत आणि त्यात पंधरा हजारांचा फरक. दुकानदाराच्या पोरानं वही काढली. डॉलरला ३.६७ दिर्हम, म्हणजे जवळजवळ २२०० दिर्हम. ‘तुझ्या अब्बांना ओव्हरटाइमचे तासाला किती मिळतात?’ भाचा म्हणाला, पाच. ‘म्हणजे चारशे चाळीस तास. रोज दोन तास जादा केले तरी दोनशेवीस दिवस, एकही सुट्टी न घेता.’ त्या पोराच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, त्यानं फक्त भागाकार केला होता. पडवीत मात्र एकदम शांतता पसरली. त्यानंतर त्या सुट्टीत यंत्राचं नाव निघालं नाही.

पुढच्या वर्षी ईदला मेहुणे आले. त्यांच्या बॅगेत जुनं प्लेस्टेशन टू होतं, सोबत आठ-दहा खेळ. ‘ऑफरमध्ये अगदी स्वस्तात मिळालं,’ म्हणाले. पोरगा क्षणभर खोक्याकडं बघत राहिला. खोक्यावरचा आकडा त्याला हवा तो नव्हता. मग म्हणाला, ‘हेच पाहिजे होतं, अब्बा.’ दोघंही खोटं बोलत होते. आपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ऑफर कसली होती ते तिला माहीत होतं. सहा महिने त्यांनी एकही शुक्रवार घरी बसून काढला नव्हता.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. मेहुणे २०१६ मध्ये कायमचे परत आले. २०२१ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन फाइव्ह भारतात ४९,९९० रुपयांना आलं, तेव्हाही तोच वाद पेटला होता. पुढं एक उलटंच घडलं. पूर्वी यंत्र जुनं झालं की स्वस्त व्हायचं. हे जुनं झालं तशी त्याची किंमत चढली. भारतात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ५४,९९० झाली. अमेरिकेत २०२० मध्ये ५०० डॉलरला आलेलं यंत्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५० वर गेलं. कंपनीनं कारण दिलं आर्थिक परिस्थितीचं. खेळणाऱ्यांनी पुन्हा वह्या काढल्या असतील.

भाच्यानं ते यंत्र पहिल्याच वर्षी घेतलं. मी पुण्याला गेलो तेव्हा मेहुणेही तिथंच होते. त्यांच्या हातात तो पांढरा कंट्रोलर होता, पडद्यावर मोटारींची शर्यत. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पण पहिल्याच वळणावर कठड्याला धडकला आणि लहान मुलासारखा हसला. मग सवयीनं विचारलं, ‘कितीला पडलं रे?’

भाचा म्हणाला, ‘ऑफरमध्ये मिळालं, अब्बा. अगदी स्वस्तात.’

मेहुण्यांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. काही बोलले नाहीत, पुन्हा शर्यत सुरू केली.

श्रोतेहो, बाजारात किंमत ओरडून सांगतात, तिच्यावर वाद घालावा म्हणून. तो वाद जरूर घालावा. वचन काय दिलं आणि पदरात काय पडलं, हे विचारणारा ग्राहक हवाच. घरात मात्र किंमत लपवली जाते. आपल्या घरातल्या जुन्या खोक्यांवर आकडे असतील, त्यामागं कुणाचे किती तास आहेत ते छापलेलं नसतं. घरातलं ते माणूस अजून समोर बसलेलं असेल, तर एकदा तो हिशेब विचारून घ्या. माझ्या मेहुण्यांना मी अजून विचारलेला नाही. या रविवारी विचारीन म्हणतो.