चाकांवरचं घर आणि एक राहिलेला फोन



सेक्रेटरींनी प्रवासाबद्दल बोला म्हटलं, म्हणून पाचच मिनिटं घेतो. मुलाने मोटरहोम भाड्याने घेतली आणि आम्ही सॅन होजेहून निघून, पुढे इंटरस्टेट ५ धरून, सिएटल गाठलं; सुमारे १३५० कि.मी. शेगडी, पलंग, संडास सगळं गाडीतच. (सांडपाण्याची टाकी रिकामी करायची वेळ आली की मात्र सगळे झोपेचं सोंग घेत!) सॅक्रामेंटोला भाचीकडे जेवलो आणि झोपलो गाडीत. तिला अंथरुणं काढायची दगदग नाही.

धाकधूक होती ती पोर्टलंडची. माझा बँकेतला मित्र तिथे लेकीकडे असतो. वहिनी गेल्या तेव्हा मी फोन केला नव्हता. आधी शब्द सुचेनात म्हणून, नंतर उशीर झाला म्हणून. त्याला चार वर्षं झाली.

गाडी दारात लावली. तो बाहेर आला, काही न बोलता पायऱ्या चढून आत टेबलाशी बसला. हिने चहा टाकला. मी म्हटलं, "चुकलंच माझं."

"हो, चुकलंच," तो म्हणाला. मग वहिनींच्या आजारपणाबद्दल रात्री एकपर्यंत बोलत राहिला.

सकाळी बघतो तर बॅग घेऊन उभा. "सिएटलपर्यंत येतो रे. सीट आहे ना एक?"